आधी पातेलं उतरवायचं

सलोमी, काल दुपारी भोंगा अवेळी वाजला. पाळी सुटायची वेळ नव्हती, जेवणाची सुट्टीही नव्हती; म्हणजे आत कामावर कोणाला तरी अपघात. तुला मूठमाती देऊन अजून आठवडा उलटला नाही, आणि या भोंग्याला तेवढाही धीर निघाला नाही. मी तांदूळ वैरून नुकतीच उठले होते.  सवयीनं दारात आले आणि तुझ्या खोलीकडे पाहिलं, तर कुलूप. मग लाइनीतल्या बाकीच्या बायका आपापल्या दारात आल्या. त्यांनीही आधी तुझ्या कुलपाकडे पाहिलं आणि मग एकीमागून एक माझ्याकडे.

तेव्हा मला तुझा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. तुझ्या मातीला जमलेले लोक तुझे गुण गात होते. पाळकसाहेब हिंदीत म्हणाले की अशी पुण्यवान बाई या मजूर वस्तीत झाली नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, यांना काय ठाऊक! चहात साखर टाकताना तुझा हात कसा आखडायचा, गाणं म्हणताना सूर कुठल्या कुठे जायचा, आणि एखादी गोष्ट सांगायची नाही असं ठरवलंस की तुझ्या तोंडातून ती काढणं कसं कोणाच्या बापाला जमायचं नाही, हे मला ठाऊक आहे. गुण बाकीचे गातील. मी आधी भांडणार आहे.

आपण दोघी भंडाऱ्याकडच्या. तुझं गाव वैनगंगेच्या त्या अंगाला, माझं या. तरी भेट झाली ती इथे, पोलाद कारखान्याच्या बांधकामावर, मरोद्याच्या बाजूला, ठेकेदारानं मजुरांसाठी टाकलेल्या टिनाच्या खोल्यांमध्ये. एका रांगेला सगळे लाइन म्हणायचे. आपल्या लाइनीत तेलुगू होते, उडिया होते, छत्तीसगढी होते, एक पंजाबी कुटुंब होतं. मराठी घरं दोनच, तुझं आणि माझं, तीही भिंतीला भिंत. नळावर तू विचारलंस, "कोन्त्या गावची वो तू बाई?" आणि ती बोली ऐकून मला रडू फुटलं. घरी आल्यावर हे म्हणाले, बाजूचा दावीद ख्रिश्चन आहे. झालं. काही दिवस मी तुझ्या घरचा चहा टाळला. मग एका सकाळी डोकं इतकं ठणकलं की चहा कोणाच्या घरचा हे विचारायला सवड राहिली नाही. तू आणून दिलास, मी प्यायले, आणि तो विषय तिथेच संपला.

दावीदभाऊ गेले ते पहिली भट्टी पेटायच्या आधी. चिमणीच्या कामावर होते. ठेकेदाराच्या माणसांनी परांचीवरची, उभं राहायची फळी बांधली नव्हती, आणि ते उंचावरून पडले. मुकादम तुला सांगायला आला तेव्हा मी तुझ्याच दारात तांदूळ निवडत बसले होते. तू शेगडीपाशी होतीस, भात रटरटत होता. तो माणूस उंबऱ्यात उभा राहून चपलेकडे बघत बोलत राहिला. थोडा लग गया है, म्हणाला. मग म्हणाला, ज्यादा लगा है. मग हॉस्पिटलात नेलं म्हणाला, मग डॉक्टर मोठा आहे, रशियन साहेबपण आले आहेत. तू एका जागी उभी होतीस. आत भात खाली लागला, करपला, धूर झाला, आणि तरी त्याचं बोलणं मुद्द्यावर येईना. तुला कळलं होतं, मला कळलं होतं, फक्त तो शब्द उच्चारायला कोणी तयार नव्हतं. त्यानंतर कुठेही करपल्या भाताचा वास आला की तू उठून बाहेर जायचीस.

तुझा भाऊ तुला न्यायला आला होता. सामान बांधून झालं, पेटीला दोरी लागली, आणि ऐन वेळी तू म्हणालीस की जात नाही. मी तुझ्यावर ओरडले, आठवतं?

"कावून राहतं वो इथं? कोण हाय तुहं इथं आता?"

"कोणी नाई."

"मग?"

"प्रभूनं मले इथं आणलं. कायले आणलं ते अजून समजलं नाई. समजल्याबिगर कशी जाऊ?"

"प्रभूनं नाई आणलं, ठेकेदाराच्या ट्रकनं आणलं," मी म्हणाले. तू हसलीस. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता आणि तू हसलीस, याचाही मला राग आला होता.

मग तुला ठेकेदाराच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. मलमपट्टीची भांडी उकळायची, फरशी पुसायची. दवाखाना गेटाला लागून, म्हणून आत काही झालं की तुला आधी कळायचं. एकदा असं झालं की भोंगा वाजला, लाइनीतल्या सगळ्या बायका गेटाकडे धावल्या, पहारेकऱ्यांनी अडवलं, उन्हात धक्काबुक्की झाली आणि कोणाचा माणूस ते कोणी सांगेना. त्या दिवशी तू आतून बाहेर आलीस. कोणाशी काही बोलली नाहीस. सरळ लाइनीत आलीस, एका उडिया बाईच्या घरात शिरलीस आणि सगळ्यात आधी तिच्या शेगडीवरचं पातेलं उतरवून खाली ठेवलंस. मग तिला भिंतीला टेकवून बसवलंस. मग एका वाक्यात सांगितलंस. जिवंत आहे की नाही ते आधी, बाकीचं नंतर. आणि तिचे लोक येईपर्यंत तिथून हलली नाहीस.

तुझी ती रीतच पडली. भोंगा झाला की गेटावर जायचं, नाव घ्यायचं, लाइनीच्या मधून एकाच चालीनं चालत यायचं, मान खाली, कुठल्या दाराकडे बघायचं नाही, आणि ज्या दाराशी थांबायचं तिथे उंबऱ्यावर क्षणभर ओठ हलवायचे. मग आत. आधी पातेलं, मग माणूस, मग बातमी. एकदा मी विचारलं, समजलं का गं आता, प्रभूनं तुला कशाला ठेवलं ते? तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, "माह्या घरी जसं झालं तसं दुसरीच्या घरी होऊ द्याचं नाई, येवढं समजलं. येवढ्यावर भागून राहिलं."

बायका मात्र तुला घाबरायला लागल्या. दुपारी तू मीठ मागायला जरी एखादीच्या दारात गेलीस तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. समोरची अप्पलम्मा तर तुझी सावली दिसली की कडी लावून घ्यायची. बंद दाराआड शिजवत बसायची, धुरानं खोकायची, पण कडी काढायची नाही. आणि ती अर्धकच्च्या भाताची संध्याकाळ! कोणाच्या तरी डोक्यात आलं की सलोमीला उतरवायला पातेलंच ठेवलं नाही तर ती घरात येईलच कशाला. भोंगा झाला आणि अख्ख्या लाइनीनं आपापली पातेली भराभर उतरवून खाली ठेवली. तू गेटावरून आलीस, आपल्या लाइनीतलं कोणी नव्हतं, तसं तू हात हलवून सांगितलंस. पण तोवर शेगड्या विझत आल्या होत्या. त्या रात्री सगळ्या घरांत कच्चट भात खाल्ला गेला आणि पुरुषांनी शिव्या घातल्या. तू पोट धरून हसत होतीस. मी हसले नाही. कारण पातेलं मीही उतरवलं होतं.

मला तू ओळखत होतीस. माझं काळीज पाखराचं. हे पाळीला गेले की परत येईपर्यंत मी जेवायला बसत नाही. पहाटेच्या पाळीला डबा देताना मी रोज काही ना काही विसरते आणि मग तोच अपशकुन झाला असं वाटून दिवसभर झुरते. "येवढं भेऊन काई होत असतं तं मी तुले संगं बसून मदत केली असती," तू म्हणायचीस.

आणि मग तो दिवस आला. मी भिंतीकडे तोंड करून डाळ ढवळत होते. तुझी पावलं लाइनीतून येताना ऐकू आली. अप्पलम्माच्या दाराशी थांबतील असं वाटलं. देव मला क्षमा करो, तिथे थांबावीत असंच वाटलं. नाही थांबली. माझ्या उंबऱ्याशी थांबली. मी वळले नाही. दोन्ही हातांनी पातेलं धरून ठेवलं, चटका बसत होता तरी सोडलं नाही. तू मागून आलीस, माझी बोटं एक एक करून सोडवलीस, पातेलं खाली ठेवलंस, मला बसवलंस आणि म्हणालीस, "भाऊ जिते हायेत कौसल्या, उजवा हात गेला मधात, बोटं गेली."

यांचा हात लोखंडी दोर आणि तुळईच्या मध्ये सापडला होता. तू दवाखान्यात नेलंस, परत आणलंस, माझ्या घरी निजलीस, यांचे कपडे धुतलेस. आणि मी काय केलं? तुझ्याशी वाद घातला. तुझ्या देवाला डोळे नाहीत का, म्हणाले. दावीदभाऊंना पाडलं तेव्हा कुठे बघत होता, म्हणाले. तू भाजलेल्या बोटांना खोबरेल लावत होतीस, माझ्या.

"देवानं नाई पाडलं त्याईले. फळी नोती बांधली. ते मले तुह्यापेक्षा जास्त माहीत हाय."

"मग तुहा देव कोण्या कामाचा?"

"ते पडल्यावर माह्या घरात कोणी आलं नाई. मुकादम आला तो दारातच उभा रायला. तो मात्र आत आला."

"कोण?"

तू खोबरेलाची वाटी झाकून ठेवलीस. हा वाद आपण मग कितीदा उकरून काढला! मी म्हणायचे, दुःखाला अर्थ वगैरे काही नसतो, दुःखाला कारण असतं, आणि ते कारण शोधून त्याच्या कानाखाली वाजवायला हवी. तू म्हणायचीस, वाजव की, मी कुठं नाही म्हणते, पण तोवर त्या बाईच्या शेगडीकडे कोण बघेल? मग मी आवाज चढवायचे.

उंबऱ्यावर तू काय पुटपुटायचीस तेही मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "ते माहं हाय. तुले लागंल तवा तू तुहं म्हणशील." मी म्हणाले, मला कशाला लागेल? तू चुलीतल्या राखेकडे बघत बसलीस. तुझ्या त्या बघण्याचा अर्थ मला आता कळतो.

कावीळ झाली तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी उसाचा रस आणला, मुळ्याचा पाला आणला, दवाखान्यातलं औषध पाजलं. शेवटच्या दुपारी तू माझा हात धरून होतीस. मला वाटलं, आता म्हणशील, कौसल्या, माझ्यामागे लाइनीकडे तू बघ. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मला जमणार नाही सलोमी, माझा माणूस अजून आत जातो, तुझं आत कोणी उरलं नव्हतं म्हणून तुला जमलं. सगळं पाठ केलं होतं. आणि तू काय म्हणालीस? "दरवाजा उघडा ठेव, हवा येते." एवढंच. अगं, विचारलं असतंस तर मला नाही तरी म्हणता आलं असतं! न विचारता गेलीस. माझा राग आहे तो याचा.

तर काल त्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पदर खोचला. का खोचला, विचारू नकोस. मी गेटाकडे चालू लागले. हे आता हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसतात, पण साखळ्या तपासायला रोज कामावर जातातच. सगळ्या वाटेनं मी तेवढंच म्हणत होते, हे नकोत, हे नकोत. तुझा डबा घेऊन मी दवाखान्यात यायचे, म्हणून कंपाउंडर मला ओळखतो. त्यानं विचारलं, "सलोमीबाई की जगह आप आई हैं?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

"आपकी ही लाइन का है," तो म्हणाला. "मनहरण. खतम हो गया."

"और कोई?"

"और कोई नहीं."

सलोमी, मला आनंद झाला. मनहरण म्हणजे शेवटच्या खोलीतला तो हसरा पोरगा, याच उन्हाळ्यात दुर्गजवळच्या खेड्यातून बायको घेऊन आलेला. तो मेला आणि मला आनंद झाला, कारण ते हे नव्हते. मग त्या आनंदाची इतकी शिसारी आली की मी दवाखान्याच्या भिंतीला धरून उभी राहिले. मला वाटायचं तुझं कोणी उरलं नव्हतं म्हणून तुला हे सोपं गेलं. काल कळलं, तुला तर हा पहिला सुटकेचा श्वासही मिळत नव्हता. प्रत्येक नाव तू उघड्या छातीवर घेत होतीस.

परतताना तुझ्यासारखीच मान खाली घातली. एकेक दार मागे पडत होतं आणि मागून सुटलेला श्वास ऐकू येत होता. शेवटच्या खोलीपाशी आले. आत त्याची बायको फूलमती शेगडीपुढे बसलेली. मला बघताच तिनं दोन्ही हातांनी शेगडीवरचं भाताचं भगोनं धरलं. "झन छू दाई," म्हणाली, "मोर भात अभी चुरे नइ हे." भात शिजला नाही अजून, हात लावू नको. इथे येऊन जेमतेम काही महिने झाले, पण लाइनीनं तिला शिकवायचं ते शिकवलं होतं.

मी उंबऱ्यावर थांबले. माझ्याकडे म्हणायला काहीही नव्हतं. आमच्या घरच्या देवांची नावं तोंडात आली आणि परत गेली, कारण त्यांना मी तोवर फक्त आमच्यापुरतंच मागत आले होते. मग जे आलं ते असं: सलोमीच्या देवा, मी तुले ओळखत नाई. ती गेली अन् मले कोणी विचारलंबी नाई. आता येवढ्यात माहा हात थरथरू देऊ नको, भगोनं गरम हाय.

हात थरथरला नाही. तिची बोटं सोडवली. भगोनं खाली ठेवलं. तिला भिंतीला टेकवलं, खांद्याला धरलं आणि म्हणाले, "मनहरण नहीं रहा बेटी, मैं यहीं हूँ." एका वाक्यात. तिनं जो आवाज काढला तो मी सांगणार नाही, तू तो ऐकलेला आहेस.

संध्याकाळी तिचा सासरा पोचल्यावर मी घरी निघाले. काय झालं, कसं झालं, ते कोणी धड सांगत नाही. चालता चालता एकदम आठवलं की मी जाताना माझा भात शेगडीवर तसाच टाकून गेले होते. आता कोळसा झाला असेल, पातेलं गेलं असेल. घाईनं दारात आले आणि थबकले.

माझं पातेलं खाली उतरवून ठेवलेलं होतं.

आपल्या लाइनीत याचा अर्थ एकच आहे. कंपाउंडर एकच म्हणाला होता, पण त्यालाही मुकादमासारखी फिरवून बोलायची खोड असली तर? मी नसताना कोणी येऊन गेलं असेल तर?  अंधाऱ्या कोपऱ्यात कोणीतरी बसलं होतं. अप्पलम्मा. तुझ्यासाठी कडी लावणारी अप्पलम्मा माझ्या चुलीपाशी गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"तेरा चावल जल जाता," ती म्हणाली. "तू उधर गई. तो मैं उतारी."

"हे? हे कुठं आहेत?"

"नल पे. पानी लाता."

तेवढ्यात हे बादली घेऊन आले, डाव्या हातानं, नेहमीसारखी अर्धी सांडत. मी त्यांच्यावर असं काही तोंड सोडलं की सगळी लाइन बाहेर आली. घर ओलं केलं म्हणून मी ओरडत होते आणि रडत होते. अप्पलम्मानं मला रडू दिलं.

मग मी झाकण काढून बघितलं. भात मोकळा झाला होता, तळाला जरासुद्धा लागला नव्हता. फूलमतीच्या घरी आता चूल पेटणार नव्हती. मी पातेल्याचा एक कान धरला, अप्पलम्मानं काही न विचारता दुसरा धरला, आणि आम्ही लाइनीतून शेवटच्या खोलीकडे निघालो.

आपला वाद मिटला असं समजू नकोस. ती फळी बांधायलाच हवी होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार. आणि उद्या भोंगा झाला तर पुन्हा हे नकोत, हे नकोत म्हणत जाईन. पण जाईन. तुझ्या प्रभूला भेटशील तेव्हा सांग, कौसल्याचा हात थरथरला नाही, एवढं त्यानं केलं.

तुझा भात जळला होता, सलोमी. कालचा नाही जळला.